फ्लडवॉच इंडिया: कयाक वल्हवणाऱ्याचा पावसाळा ते हिवाळा अनुभव

नद्यांची पाणीपातळी दाखवणारं केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' अ‍ॅप मी जूनपासून वापरतोय. भिलवडी ते सांगली या कृष्णेच्या पट्ट्यात आम्ही मित्र कयाक वल्हवतो, त्यामुळे माझा प्रश्न एकच असतो: आज नदीत उतरायचं का? अ‍ॅप त्याचं थेट उत्तर देत नाही. पण कुठे बघायचं हे कळलं की फार उपयोगी आहे.

आधी रंगांबद्दल. हिरवा म्हणजे पाणी इशारा पातळीच्या खाली, पिवळा म्हणजे इशारा आणि धोका यांच्यामध्ये, केशरी म्हणजे धोका पातळी गाठलेली आणि लाल म्हणजे आजवरच्या सर्वोच्च पातळीला टेकलेली किंवा तीही ओलांडलेली. हे रंग काठावरच्या वस्तीसाठी आहेत. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा 40 फुटांवर, धोका 45 फुटांवर. म्हणजे 35 फुटांची कृष्णा अजून इशाऱ्याखालीच; पण तिच्यात कयाक घालणं म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा कळकळीने सांगतो, हिरवा दिसला एवढ्यावर वल्हं उचलू नका.

मी अ‍ॅपमधला पाणीपातळीचा आलेख बघतो. पहिला कराडचा, कारण कोयना तिथे कृष्णेला मिळते आणि तिथे चढलेलं पाणी नंतर आपल्याकडे येतं. रेघ सपाट किंवा उतरती असेल तरच पुढची तयारी. आकडे समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असतात, फुटांची सवय असलेल्या सांगलीकराला ते सुरुवातीला परके वाटतात. आकडा राहू द्या, चढ-उतार बघा.

जोडीला कोयना धरणाचा विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक सुटत असतील तर आम्ही जातो. सहा वक्र दरवाजे उचलल्याची बातमी आली की बेत रद्द, मग ऊन कितीही छान पडलेलं असो. परतीच्या पावसात हे विशेष सांभाळावं लागतं. ऑक्टोबरात एका सकाळी रंग हिरवा, आभाळ निरभ्र, पण कराडची रेघ रात्रीपासून वर चाललेली. घाटावर पाण्याच्या कडेला काडी रोवली. चहा होईपर्यंत ती बुडाली आणि गढूळ पाण्यातून बाभळीच्या फांद्या वाहत यायला लागल्या. कयाक गाडीवरून उतरवल्याच नाहीत.

बंधाऱ्यांची खबर मात्र स्वतःच काढायची. पाणी बंधाऱ्यावरून वाहत असलं की वरच्या अंगाने फक्त एक गुळगुळीत रेघ दिसते. पलीकडे पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि माणसाला तिथेच गोल फिरवत ठेवतं, अंगात लाइफ जॅकेट असलं तरी. बरंच अलीकडे काठाला लागा, कयाक उचला आणि चालत पुढे न्या.

आणि मगरी. भिलवडी-औदुंबर भागात त्यांचा वावर आहे, थंडीत उन्हाला काठावर येऊन पडतात. आदल्या दिवशी कुठे दिसली ते घाटावरच्या मच्छीमारांना विचारूनच निघा.