डॅडोच्या टाइल्स: बिलात ॲडहेसिव्ह, भिंतीत सिमेंटचे गोळे

डॅडो म्हणजे भिंतीवर ठरावीक उंचीपर्यंत लावलेल्या टाइल्स. बाथरूम ८ बाय ५ फुटांचं, टाइल्स ७ फुटांपर्यंत. दार वजा केलं की भिंत साधारण १६५ चौरस फूट भरते. ठेकेदार कोटेशनमध्ये ॲडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार माल), सांधे सारखे ठेवणारे २ मिमीचे स्पेसर, लेव्हलिंग क्लिपा, लेसर लेव्हल असं सगळं लिहितो आणि दरही तसाच लावतो. प्रत्यक्षात टाइलच्या पाठीला सिमेंटचे पाच गोळे लागतात, टाइल भिंतीवर दाबली जाते आणि ठोकून शेजारचीशी जुळवली जाते. सांध्यांत ग्राउट भरल्यावर भिंत चकचकीत दिसते, आणि पैसे दिले जातात.

गोळे लावण्याचं कारण सरळ आहे. प्लास्टर ओळंब्यात नसलं तर ते आधी सरळ करावं लागतं, त्यात दिवस जातो. गोळा कमीजास्त दाबला की तो दिवस वाचतो. पण टाइलचे कोपरे पोकळ राहतात. पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल लावलं की नेमका तिथेच तडा जातो, आणि सांध्यातून झिरपलेलं शॉवरचं पाणी मागच्या पोकळीत साचतं.

ॲडहेसिव्हची २० किलोची गोणी ३ मिमी थरात साधारण ५० ते ५५ चौरस फूट पुरते. म्हणजे या बाथरूमला चार गोण्या आणायला हव्यात. साइटवर एकच दिसली तर बाकी काम सिमेंटवर चाललंय. रिकाम्या गोण्या दुसऱ्या साइटवरूनही आणून दाखवता येतात, म्हणून भरलेल्या गोण्या आल्या त्याच दिवशी त्यांवर मार्करने सही करा. आयएस १५४७७ हा टाइल ॲडहेसिव्हच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि उत्पादनाची तारीखही तेव्हाच बघा. आणखी एक हमखास खूण: टाइल्स पाण्यात भिजत घातलेल्या दिसल्या तर काम सिमेंटचं आहे. ॲडहेसिव्हला टाइल भिजवावी लागत नाही. शंका आली तर नुकतीच लावलेली एक टाइल काढायला सांगा. दातेरी करणीने पसरलेला माल पाठीवर कोपऱ्यांपर्यंत लागलेला दिसला पाहिजे.

रांगा तिरक्या जातात त्या बहुतेक वेळा पहिल्याच रांगेपासून. बाथरूमच्या फरशीला जाळीकडे उतार असतो. १:१०० उतार धरला तरी ८ फुटांत जवळपास २४ मिमी फरक पडतो. घाईचा कारागीर पहिली रांग फरशीवरच टेकवतो, मग तो एक इंच वरपर्यंत चढत जातो आणि शेवटी फॉल्स सीलिंगमागे लपवला जातो. योग्य पद्धत अशी: फरशीच्या सर्वांत खालच्या ठिकाणापासून एका टाइलपेक्षा थोडी कमी उंची घ्यायची, लेसरने किंवा पाण्याच्या नळीने चारही भिंतींवर एकच आडवी रेघ मारायची, रेघेवर ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवायची आणि दुसऱ्या रांगेपासून सुरुवात करायची. खालची रांग सगळ्यात शेवटी, उतारानुसार कापून. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर रेघ चुकते. स्पिरिट लेव्हल त्याच जागी टोकं अदलाबदल करून धरून बघा. दोन्हीकडे बुडबुडा सारखा बसला नाही तर ती लेव्हल बाद.

लेव्हलिंग क्लिपांच्या नावावर फार पैसे घेतले जातात. क्लिप फक्त शेजारच्या दोन टाइल्सच्या कडा एका पातळीत ठेवते. ओळंब्यातून गेलेली भिंत किंवा तिरकी रांग ती सरळ करत नाही. शिवाय तुटते ती क्लिप. ती आवळणारी पाचर पुन्हापुन्हा वापरली जाते, तेव्हा पाचरांचे पूर्ण पैसे प्रत्येक ग्राहकाकडून घेणं चूक आहे. स्पेसरऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे खुपसलेले दिसले तर काम थांबवा. ते दबतात आणि सांधे कमीजास्त होतात.

सगळी तपासणी ग्राउटच्या आधी करा, कारण सांधे भरले की अर्धे दोष झाकले जातात. २ मीटरची सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरून बघा. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. टॉर्च भिंतीला चिकटवून प्रकाश आडवा टाका, पुढे आलेली प्रत्येक कड सावली पाडते. नाण्याने प्रत्येक टाइलचे चारही कोपरे वाजवा आणि पोकळ वाजेल तिथे खूण करा. या टाइल्स ठेकेदाराच्या खर्चाने बदलायच्या आणि किमान चौथा हिस्सा रक्कम त्यानंतरच द्यायची, हे काम सुरू होण्याआधी लेखी घ्या.

पैसे आधीच गेले असतील तर खुणा केलेल्या टाइल्सचे फोटो, कोटेशन आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही.