ऑटोहॉटकीतले क्लिक: रावेरच्या ऑफिसात हंगामभर वापरल्यावर

केळीचा हंगाम ऐन भरात आला की आमच्या रावेरच्या ऑफिसात काटापावत्यांचा ढीग लागतो. बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं, एक्सेलमधून डेटा आत घ्यायची सोय नाही. म्हणून ऑटोहॉटकीची, म्हणजे लिहून दिलेल्या स्क्रिप्टप्रमाणे विंडोजवर कळा आणि क्लिक आपोआप दाबणाऱ्या प्रोग्रामची, दुसरी आवृत्ती लावली. हंगामभर चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: क्लिक स्क्रीनवरच्या जागेवर नको, थेट बटणावर हवा.

या आवृत्तीत सेंडइनपुट, म्हणजे कळा आणि क्लिक एका झटक्यात पाठवायची पद्धत, आपोआप लागू असते. वेग जबरदस्त, पण आमच्याकडे तोच नडतो. ‘नवीन बिल’ दाबल्यावर खिडकी उघडायला पीसीला क्षणभर लागतो, तोवर पुढचा क्लिक मागच्याच खिडकीवर पडतो. माउस डिले, म्हणजे प्रत्येक क्लिकनंतरचा थांबा वाढवावा, तर सेंडइनपुट तो मानतच नाही. सेंडइव्हेंट ही दुसरी पद्धत मानते, पण मुळात तो थांबा 10 मिलिसेकंदांचा. खरा उपाय विनवेट, म्हणजे खिडकी येईपर्यंत थांबायचं. सेंडप्ले या तिसऱ्या पद्धतीच्या नादी लागू नका. विंडोजचं यूएसी (प्रोग्रामला जादा अधिकार देण्याआधी परवानगी विचारणारी सोय) चालू असलं की ते चालत नाही.

कंट्रोलक्लिकवर, म्हणजे जागेऐवजी थेट बटणालाच क्लिक पाठवणाऱ्या आज्ञेवर, मात्र माझा जीव जडलाय. माउसचा बाण हलत नाही, खिडकी मागे असली तरी भागतं. मुनीमकाका त्याच पीसीवर गाडीभाडं बघत बसतात आणि मागच्या मागे ‘सेव्ह’ दाबलं जातं. सोबत ‘एनए’ पर्याय द्या, काकांचा हात माउसवर असला तरी गडबड कमी होते. लॅपटॉपवर डिस्प्ले 125 टक्के मोठा केलेला असला की जागेवरचे क्लिक सरकतात, कंट्रोलक्लिकचे सरकत नाहीत. फैजपूरहून रिमोट डेस्कटॉपनं (दुरून ऑफिसचा पीसी चालवून) काम लावून खिडकी मिनिमाइज केली, तर सेंडइनपुट आंधळं होतं. कंट्रोलक्लिक बहुतेक वेळा चालत राहतं.

सगळीकडे मात्र जमत नाही. आमच्या सॉफ्टवेअरमधला मालाचा तक्ता त्यानं स्वतःच रंगवलेला आहे, ऑटोहॉटकीला आतले रकाने वेगळे दिसतच नाहीत. तेवढ्यापुरतं सेंडइनपुट ठेवलंय.

आणखी एक. सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर स्क्रिप्टही तशीच चालवा. नाहीतर व्हिस्टापासून विंडोज असे क्लिक अडवतं, तेही काही न सांगता. स्क्रिप्ट शेवटपर्यंत पळते, बिल मात्र कोरं.

म्हणून ‘सेव्ह’च्या आधी एकूण वजनाची चौकट कंट्रोलगेटटेक्स्टनं (चौकटीतला मजकूर वाचणाऱ्या आज्ञेनं) वाचून घेतो आणि काटापावतीशी जुळली तरच पुढे जातो. शेतकऱ्याचा पैसा त्या एका आकड्यावर ठरतो.