बालगंधर्व आणि केशवराव भोसले: कीर्तीची दोन रूपे
१९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ या प्रयोगात, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’ या संगीत नाटकात, स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले गायक-नट नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, नायिका भामिनीच्या आणि गायक-नट केशवराव भोसले नायक धैर्यधराच्या भूमिकेत एकत्र उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले. त्यामुळे त्यांची कीर्ती ऐन भरात थांबली, आणि रसिकांच्या स्मरणात उरला तो केवळ त्यांचा चढा, तेजस्वी सूर.

बालगंधर्वांना १९६७ पर्यंतचे आयुष्य लाभले. परंतु ज्या प्रेक्षकांनी त्यांच्या शालूंचे आणि लडिवाळ गायकीचे अनुकरण केले, त्यांनीच पुढे त्यांचे कर्ज, उतारवयातील स्त्रीभूमिका आणि गायिका-अभिनेत्री गोहरबाई कर्नाटकी यांच्याबरोबरचे सहजीवन यांचा कठोर हिशेब मांडला. माझ्या मते हा न्याय नव्हे, कारण अकाली मृत्यूने केशवरावांना अशा परीक्षेतून वगळले होते. गोहरबाईंवर तर त्याहून मोठा अन्याय झाला. त्यांच्या स्वतंत्र गायनाचा विचार फारसा झालाच नाही. १९६४ चे पद्मभूषण बालगंधर्वांना मिळाले, तेव्हा त्यांचे रंगभूमीवरील वैभव कधीच ओसरले होते.