‘सॉल्ट, फॅट, अ‍ॅसिड, हीट’ : इतर पाकपुस्तके वाचायला शिकवणारे पुस्तक

पाकपुस्तक आवडणे आणि ते स्वयंपाकाला उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ देखणी पुस्तके अशी असतात की त्यांतली छायाचित्रे पाहूनच समाधान होते आणि पदार्थ मात्र एकही होत नाही. समीन नोसरत यांचे ‘सॉल्ट, फॅट, अ‍ॅसिड, हीट’ हे २०१७ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक मला जवळचे वाटते ते वेगळ्याच कारणाने. त्यातल्या सगळ्या पाककृती काही मी केलेल्या नाहीत, परंतु दुसऱ्या एखाद्या पुस्तकातली नवी पाककृती करून पाहायची असली की आधी हेच पुस्तक उघडले जाते.

मीठ, स्निग्धांश, आंबटपणा आणि उष्णता हे चार घटक ज्याला सांभाळता आले त्याला कोणताही पदार्थ नीट करता येईल, असे पुस्तकाचे म्हणणे आहे. पूर्वार्धात प्रत्येक घटकावर एक दीर्घ प्रकरण आहे आणि पाककृती उत्तरार्धात येतात. छायाचित्र एकही नाही. त्याऐवजी वेंडी मॅकनॉटन यांची चित्रे आणि हाताने रंगवलेले तक्ते आहेत. सुरुवातीला ही उणीव वाटते. पण आपला पदार्थ छायाचित्रासारखा दिसत नाही म्हणून हिरमुसण्याचा प्रसंग येत नाही, आणि लक्ष दिसण्यावरून चवीकडे वळते, हा फायदा लवकरच ध्यानात येतो.

मिठाचे प्रकरण सर्वांत सरस उतरले आहे. बहुतेक पाकपुस्तके ‘चवीपुरते मीठ’ एवढे सांगून मोकळी होतात, आणि नवख्या माणसाची अडचण नेमकी तिथेच सुरू होते. नोसरत बर्कलीच्या ‘शे पानीस’ या उपाहारगृहात उमेदवारी करत असताना त्यांनी शिजवलेला पोलेंटा, म्हणजे मक्याच्या भरड्याची लापशी, एका अनुभवी शेफने चाखला आणि त्यात त्यांना धक्काच बसावा इतके मीठ तळहाताने घातले. त्यानंतर तोच पोलेंटा गोडसर आणि भरीव लागू लागला, हा प्रसंग त्यांनी मोठ्या खुबीने सांगितला आहे. त्याहून मोलाचे आहे ते मीठ केव्हा घालावे याचे विवेचन. मीठ पदार्थाच्या आत हळूहळू उतरते, म्हणून मांसाच्या मोठ्या तुकड्याला ते आदल्या दिवशी लावलेले बरे. शेवटी वरून भुरभुरलेल्या मिठाने बाहेरून खारट आणि आतून आळणी अशी स्थिती होते. मिठाच्या जातीनुसार माप बदलते, हेही त्या आकड्यांनिशी दाखवतात: पोकळ कणांचे एक प्रसिद्ध अमेरिकी मीठ मोठ्या चमच्यात सुमारे १० ग्रॅम मावते, तर नेहमीचे बारीक मीठ तेवढ्याच चमच्यात १८ ग्रॅमच्या आसपास भरते. परक्या पुस्तकातली पाककृती तंतोतंत पाळूनही पदार्थ खारट का होतो, याचे उत्तर बहुधा या दोन आकड्यांत सापडते. पास्त्याचे पाणी समुद्राइतके खारट असावे हा प्रसिद्ध सल्लाही येथे आहे, मात्र तो आठवणीतल्या समुद्राला धरून आहे. खऱ्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तेवढे मीठ घातलेला पास्ता तोंडात धरवणार नाही.

आंबटपणाचे प्रकरण वाचण्यापूर्वी लिंबू किंवा व्हिनेगर हे मला केवळ आंबट चवीचे साधन वाटत असे. आम्लामुळे भाज्या आणि कडधान्ये मऊ व्हायला वेळ लागतो, हिरव्या भाज्यांचा रंग मळकट होतो आणि चिरलेले सफरचंद मात्र काळे पडत नाही, ही सगळी माहिती येथे एकत्र मिळते. त्यामुळे कांदा पुरता मऊ झाल्याखेरीज टोमॅटो घालू नये, ही सूचना दुसऱ्या पुस्तकात नुसती आज्ञा म्हणून येते तेव्हा तिचे कारण आपल्याला ठाऊक असते. स्निग्धांशाचे प्रकरण त्या मानाने लांबले आहे आणि त्यात काही पुनरुक्तीही आहे. उष्णतेच्या प्रकरणात घड्याळापेक्षा डोळे, नाक आणि कान यांवर अधिक भिस्त ठेवली आहे. कढईतला आवाज बदलला की आतले पाणी सरत आले. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही आणि म्हणून तो खरपूस होत नाही. भांड्यात एकाच वेळी फार तुकडे घातले की ते परतले न जाता वाफेवर शिजतात, त्याचेही कारण हेच.

उत्तरार्धातली सर्वांत गाजलेली पाककृती म्हणजे ताकात मुरवलेली भाजलेली कोंबडी. कोंबडी, मीठ आणि ताक एवढेच तिचे साहित्य. मीठ लावलेली कोंबडी ताकात रात्रभर ठेवायची, भाजण्याच्या तासभर आधी बाहेर काढायची, ओव्हन ४२५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे २१८ अंश सेल्सिअसवर तापवायचा आणि वीसेक मिनिटांनी कोंबडीवर रंग चढू लागला की आच थोडी उतरवायची. ताकातले आम्ल आणि मीठ मांस मऊ ठेवतात व त्यातल्या साखरेमुळे कातडीला गडद तांबूस रंग येतो. तीन जिनसांत एवढी चव देणारी पाककृती क्वचितच मिळते. लोण्याऐवजी तेल वापरलेला चॉकलेट केक दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो, आणि तेल घातले की केक असा का होतो, हे पूर्वार्धात वाचलेले असल्यामुळे इतर केकमध्ये कुठे फेरफार करता येईल याचाही अंदाज बांधता येतो. मक्याचे सूप चांगले होते, पण मका कोवळा आणि गोड नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

पुस्तकाबद्दल तक्रारीही आहेत. अमेरिकी आवृत्तीत मापे कप आणि औंस यांत आहेत, त्यामुळे ग्रॅमची सवय असलेल्या वाचकाला दर वेळी औंसांना २८ ने गुणत बसावे लागते. घाईच्या वेळी एखादी गोष्ट चटकन शोधण्यासाठी हे पुस्तक सोयीचे नाही. नेमका हवा तो मुद्दा कुठल्या तरी किश्श्याच्या पोटात दडलेला असतो. केक आणि पाव यांना काटेकोर माप लागते, आणि तिथे ‘चाखत जा, बदलत जा’ ही शिकवण साहजिकच तोकडी पडते. त्या कामासाठी केवळ बेकिंगला वाहिलेले दुसरे पुस्तक हाताशी हवे. २०१८ साली या पुस्तकाला जेम्स बीअर्ड पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यावर चार भागांची मालिकाही आली. मालिका रमणीय आहे, मात्र स्वयंपाक शिकण्याच्या दृष्टीने पुस्तकच सरस.

रोज रात्री काय करावे याच्या याद्या ज्यांना हव्या आहेत त्यांनी हे विकत घेऊ नये. ज्यांच्याकडे आधीच दोन-चार आवडती पाकपुस्तके आहेत, पण नवी पाककृती हातात घेतली की आत्मविश्वास डळमळतो, त्यांनी मात्र अवश्य घ्यावे आणि सुरुवात सॅलडच्या ड्रेसिंगपासून करावी. त्यात मीठ, तेल आणि आंबट हे तिन्ही असतात, ते पाच मिनिटांत होते आणि बिघडले तरी फारसे काही वाया जात नाही. ते चमच्याने चाखू नये. ज्या पानांवर घालायचे त्यांतलेच एक पान बुडवून खावे, म्हणजे मीठ वाढवायचे की लिंबू, ते लगेच कळते.