कापायची स्टीलची पट्टी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जून ते जानेवारी असे आठ महिने चार पट्ट्या सतत कामात होत्या. एक ३० सेंमीची साधी स्टेनलेस स्टीलची, दुसरी तेवढीच पण मागे कॉर्क लावलेली, तिसरी ६० सेंमीची जाड स्टीलची आणि चौथी चौकटी छापलेली रुंद, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची. या काळात पावसाळा सरला, गणपतीची पुठ्ठ्याची मखरं झाली, दिवाळीचे कंदील झाले, मग वह्यांचं बाइंडिंग आणि फोटोंचे माउंट. म्हणजे पतंगाच्या कागदापासून २ मिमी बाइंडिंगच्या पुठ्ठ्यापर्यंत आणि ५ मिमी सनबोर्डपर्यंत (फोमचा हलका, ताठ बोर्ड) सगळं या पट्ट्यांखालून गेलं.

आधी निकाल सांगून टाकतो. कापायला साधी, जाड, काळे आकडे कोरलेली स्टीलची पट्टी सगळ्यात भरवशाची. कॉर्कची पट्टी चांगली आहे, पण तिचं जेवढं कौतुक होतं तेवढी ती सगळीकडे चालत नाही. अ‍ॅक्रिलिकची पट्टी आखायला आणि काटकोन बघायला उत्तम, मात्र तिला साधा कटर लावू नये. आणि मोजायची पट्टी कापायला घेऊच नये. कापताना पट्टीला दोनच कामं असतात: कड सरळ ठेवणं आणि जागचं न हलणं. तिच्यावरच्या आकड्यांचं काम तोवर संपलेलं असतं.

प्लॅस्टिकच्या पट्टीचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पातं तिरकं झालं की कडेत घुसतं आणि बारीक खाच पडते. पुढच्या वेळी पातं नेमकं त्या खाचेपाशी अडतं, किंचित वळतं आणि कागदावर त्या जागी लहानसं पोट येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचंही तसंच, फक्त सावकाश. ती मऊ असल्यामुळे पातं तिची साल काढतं. आठ महिन्यांनंतर स्टीलच्या दोन्ही ३० सेंमी पट्ट्यांच्या कडेवरून नख फिरवलं तर कुठेही अडत नाही.

आता खरी चूक कुठे होते ते बघू. माप बहुतेक वेळा बरोबरच असतं. घोळ होतो तो माप कागदावर उतरवताना आणि रेषेवर पट्टी ठेवताना. बोथट पेन्सिलीची रेघ सहज अर्धा मिलिमीटर जाड येते. त्या रेघेच्या डावीकडून कापायचं, उजवीकडून की मधून, हे दर वेळी वेगळं होतं. त्यात ९ मिमी कटरचं पातं सुमारे ०.३८ मिमी जाड असतं आणि त्याला दोन्ही बाजूंनी धार असते. म्हणजे पात्याची बाजू पट्टीला टेकलेली असली तरी प्रत्यक्ष काप पट्टीच्या कडेपासून जवळपास ०.२ मिमी बाहेर पडतो. पट्टी बरोबर रेघेवर ठेवली तर काप रेघेवर येणारच नाही.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटतं. आठ बाजूंच्या कंदिलाला प्रत्येक बाजू अर्धा मिलिमीटर जास्त झाली, तर फेरा पूर्ण होताना ४ मिमी उरतात आणि वरचं झाकण बसत नाही. मग लोक झाकण दाबून बसवतात आणि कंदील टांगल्यावर तिरका दिसतो.

यावर सगळ्यात चांगला उपाय रेघ न ओढण्याचा आहे. मापाच्या दोन टोकांना कटरच्या टोकाने किंवा टाचणीने बारीक टोचा घ्यावा. मग पात्याचं टोक पहिल्या टोच्यात उभं रोवून पट्टी सरकवत पात्याला टेकवावी. तिथे एका बोटाने दाबून दुसऱ्या टोच्यात पातं रोवावं आणि पट्टीचं ते टोकही पात्याला टेकेपर्यंत फिरवावं. पात्याची जाडी यात आपोआप जमेस धरली जाते. नजरेने रेघेवर पट्टी जुळवताना जो अंदाज करावा लागतो तो उरतच नाही. सुरुवातीला वेळखाऊ वाटतं, पण पंचविसेक काप झाले की पेन्सिलीपेक्षा हेच लवकर होतं.

मोजताना पट्टीचं टोक शून्य धरू नये. स्टील पट्टीचं शून्य अगदी टोकाला असतं आणि पडून, घासून ते टोकच आधी झिजतं. १० सेंमीच्या खुणेपासून मोजायला सुरुवात करावी आणि उत्तरातून १० वजा करावेत. १ सेंमीपासून मोजलं तर ते १ वजा करायचं विसरतं, १० सहसा विसरत नाही. कागदाच्या सारख्या मापाच्या पट्ट्या पाडायच्या तर मोजायची पट्टी दर वेळी उचलून पुढे ठेवू नये. २५ मिमीचे आठ तुकडे हवे असतील तर पट्टी एकदाच ठेवून २५, ५०, ७५ असे थेट २०० पर्यंत टोचे घ्यावेत. पट्टी उचलत गेलं की प्रत्येक वेळची चूक पुढच्या मापात मिसळत जाते.

पट्टी का सरकते? जोर लावून लावून पातं ओढलं की सरकते, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण खरं कारण बरेचदा दाब कुठे आहे यात असतं. चारही बोटं पट्टीच्या मधोमध दाबली की पट्टी त्या बिंदूभोवती फिरते. बोटं पसरून ठेवावीत: अंगठा एका टोकाकडे, करंगळी दुसऱ्याकडे, आणि बोटांची टोकं कापायच्या कडेपासून किमान दीड-दोन सेंमी आत. ६० सेंमीच्या पट्टीवर एक हात पुरत नाही. तिथे अर्धा काप झाला की पातं कागदातच रोवून ठेवायचं, हात पुढे सरकवायचा आणि मग पुढचा अर्धा काप घ्यायचा. दाब पट्टीवर खाली असावा, पात्यावर नाही. पातं पट्टीवर बाजूने रेटलं की ती ढळणारच. पातं फक्त पट्टीला टेकून चालावं, आणि काप स्वतःकडे ओढावा. डावीकडून उजवीकडे ओढायची सवय असेल तर कागद फिरवून घ्यावा, मनगट नव्हे.

पट्टी नेहमी हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवावी. टाकाऊ भाग उघडा राहावा. पातं घसरलंच तर ते टाकाऊ भागात जातं. माउंट बोर्डमधली खिडकी कापताना हा नियम न पाळल्याने पूर्ण बोर्ड वाया जातो, कारण तिथला ओरखडा झाकायला काहीच नसतं.

कॉर्कबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण विकत घेताना सगळे तेच विचारतात. कॉर्क धरून ठेवतो हे खरं आहे. गुळगुळीत कार्डशीटवर, सनबोर्डवर आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर साधी पट्टी जिथे निसटते तिथे कॉर्कची पट्टी हलत नाही. शाईने रेघा मारायलाही ती बरी, कारण कड कागदापासून वर राहते आणि शाई पट्टीखाली ओढली जात नाही. पण नेमकी हीच उचललेली कड कापताना नडते. कॉर्क कडेपर्यंत लावलेला नसतो, तीन-चार मिलिमीटर आतच थांबतो. त्यामुळे कडेखालचा कागद मोकळाच असतो. ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कार्डाला फरक पडत नाही. पतंगाचा कागद किंवा पातळ टिश्यू मात्र पात्याबरोबर वर उचलला जातो, चुरगळतो आणि फाटतो. शिवाय खुणा कागदापासून उंच असल्याने डोळा थोडा जरी तिरका असला तरी माप चुकीचं वाचलं जातं. पातळ कागदाला साधी सपाट पट्टीच हवी, आणि कागद मोजून झाल्यावर खाली एक टाकाऊ कार्डशीट घालावं.

पावसाळ्यात कॉर्कचा एक कोपरा सुटला. त्याखाली कागदाचा भुगा जाऊन पट्टी डगमगायला लागली आणि चूक काय होतेय ते लवकर लक्षात येत नाही, कारण वरून पट्टी ठीक दिसते. चप्पल-बुटांना लावतात ते रबरी सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावून, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू देऊन दाबलं, तेव्हापासून कॉर्क घट्ट आहे. फेव्हिकॉल स्टीलला नीट धरत नाही. साध्या पट्टीला पकड द्यायची असेल तर मागे मास्किंग टेपचे दोन पट्टे पुरतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ पट्टी दुतर्फा टेपने लावली तर आणखी चांगलं. पॉलिश पेपर लावायचा सल्ला मिळतो, तो फक्त पुठ्ठ्यासाठी ठीक आहे. चकचकीत कागदावर त्याचे ओरखडे येतात.

जाड मालात पट्टी जितकी महत्त्वाची तितकाच हात महत्त्वाचा. २ मिमीचा पुठ्ठा एका दमात कापायला गेलं की पातं वाकतं आणि काप खाली जाताना तिरका होतो. वरून माप बरोबर, खालून जास्त. पहिला हात अगदी हलका, फक्त चर पाडायला. दुसरा-तिसरा थोडा जोराने. साधारण सहा ते आठ हातांत पुठ्ठा सुटतो. पहिला चर सरळ पडला की पुढचे हात त्यातूनच जातात, आणि म्हणूनच पट्टी शेवटच्या हातापर्यंत उचलायची नाही. पुठ्ठ्याला १८ मिमीचा कटर घ्यावा. त्याचं पातं ०.५ मिमी जाड असतं, कमी वाकतं. कुठलंही पातं शक्य तितकं कमी बाहेर काढावं. समोरून बघितलं तर पातं मॅटला काटकोनात उभं दिसलं पाहिजे. ते पट्टीकडे किंवा पट्टीपासून दूर कललं की कडा तिरकी येते आणि डबा जोडताना फट राहते.

डब्यावरून आठवलं, जाडीची वजाबाकी विसरू नये. बाहेरून १०० मिमीचा चौकोनी डबा २ मिमी पुठ्ठ्याचा करायचा आणि दोन भिंती इतर दोन भिंतींच्या आत बसणार असतील, तर त्या आतल्या भिंती ९६ मिमीच्या हव्यात. इथे काप कितीही नेमका असला तरी हिशेबच चुकला तर पट्टी काय करणार.

बोथट पात्याने कुठलीच पट्टी नेमका काप देणार नाही. टोक पुसट झालं की पातं कागद कापण्याऐवजी तंतू ओढतं, आणि पावसाळ्यात कागद दमट असला की हे जास्तच होतं. तुकड्या-तुकड्यांनी मोडायचं पातं जपानमध्ये ओकादा योशिओ यांनी १९५६ साली काढलं ते यासाठीच. मोडायचा कंटाळा करून काय उपयोग? पुठ्ठ्यावर काम करताना दर दहा-बारा लांब कापांनंतर एक तुकडा मोडावा. पकडीने मोडावा, हाताने नाही, आणि तुकडे झाकणाच्या बाटलीत टाकावेत.

खाली कटिंग मॅट हवीच. काचेवर काप छान सरळ येतो, पण पात्याचं टोक लगेच जातं. वर्तमानपत्रांच्या थप्पीवर पातं खाली रुतून हवं तिकडे वळतं. मॅटवर छापलेल्या चौकटींवर मात्र आंधळा विश्वास नको. स्टीलच्या पट्टीने २० सेंमी मोजून बघावेत, एका मॅटवर ते जवळपास १ मिमीने कमी भरले. मॅट उन्हात किंवा गाडीत ठेवू नये, एकदा वाकली की पट्टी तिच्यावर सपाट बसत नाही.

काटकोनासाठी अ‍ॅक्रिलिकची पट्टी सगळ्यात सोयीची. आरपार दिसतं, त्यामुळे तिची एक रेघ कागदाच्या कडेवर ठेवली की दुसरी बाजू आपोआप ९० अंशात येते. तिच्या कडेने फक्त गोल फिरणारं रोटरी पातं चालवावं. मोठ्या मखराच्या पुठ्ठ्याला मात्र ती अपुरी पडते. तिथे सुताराचा गुण्या, किंवा एका बाजूवर १५ सेंमी, दुसरीवर २० सेंमी मोजून तिरपं अंतर २५ येतं का ते बघणं. कापून झालेल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजावेत, ते सारखे नसतील तर पुढे चिकटवायला घेऊ नये.

नवी पट्टी घेताना तिची कड दुकानातच तपासता येते. त्याच मापाच्या तीन पट्ट्या मागून घ्याव्यात आणि दोन-दोनच्या जोड्या कडेला कड लावून उजेडासमोर धराव्यात. एकाच जोडीवर थांबू नये, कारण एक पट्टी बाहेर फुगलेली आणि दुसरी तेवढीच आत गेलेली असेल तर त्या दोघी बेमालूम जुळतात. तिन्ही जोड्यांमधून उजेड येत नसेल तरच तिन्ही सरळ. घरी एकटी पट्टी असेल तर बारीक पेन्सिलने तिच्या कडेने रेघ मारावी, पट्टी पालथी करून तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूने त्याच दोन टोकांना लावावी आणि पुन्हा रेघ मारावी. मध्ये फट दिसली तर कडेची चूक त्या फटीच्या निम्मी. आमची ६० सेंमीची पट्टी यात पाव मिलिमीटरने मध्ये वाकडी निघाली. दुसरी कड सरळ आहे, म्हणून वाकड्या कडेवर लाल टेप लावून ठेवली आहे आणि त्या बाजूने फक्त घडीच्या रेघा दाबतो.