हेतूचा रकाना नसलेला तक्ता: सदाशिव पेठेतल्या कार्यशाळेबद्दल

खुन्यांची तुलना करून त्यांचं मन समजून घ्यायचं, या विषयावरची ही दोन दिवसांची कार्यशाळा. शुल्क २,८०० रुपये. पहिल्या दिवसातच ते वसूल होतात. दुसऱ्या दिवसाबद्दल तसं म्हणता येत नाही.

सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात एक मोठा कोरा तक्ता येतो. आडव्या ओळी तीन: मुंबईत झोपलेल्या लोकांना मारणारा रामन राघव, पुण्यातलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड (ही नावं बळी पडलेल्या कुटुंबांची), मुलं पळवून मारणाऱ्या गावित मायलेकी. उभे रकाने सात: बळी कसा निवडला, हत्यार कुठून आलं, घटनास्थळी किती वेळ घालवला, काय नेलं, पुरावा कसा लपवला, दोन खुनांत किती दिवस गेले, पकडल्यावर काय सांगितलं. 'हेतू' हा रकानाच नाही, आणि ते मुद्दाम. हेतू आधी लिहिला की माणूस बाकीचे रकाने त्याला जुळवून भरतो. नवशिक्यांचा अभ्यास नेमका तिथेच फसतो.

'काय नेलं' या एका रकान्यावर शिक्षक तासभर घालवतात, आणि तो तास सोन्यासारखा आहे. १९६८ मध्ये रामन राघव मुंबईत सापडला तेव्हा त्याच्याकडे चष्मा, दोन कंगवे, कात्री, साबण, लसूण, चहापूड असलं सामान होतं. अभ्यंकरांच्या बंगल्यातून गेला तो विकता येण्याजोगा ऐवज. एवढ्यावर एक वेडा आणि दुसरे दरोडेखोर, असा निकाल देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. मग 'पुरावा' रकाना भरायला लावतात. जोशी-अभ्यंकर प्रकरणातला म्होरक्या जक्कल आणि त्याच्या साथीदारांनी पोलिसांच्या कुत्र्यांना माग लागू नये म्हणून घरात अत्तर शिंपडलं होतं. त्याआधी जानेवारी १९७६ मध्ये त्यांच्याच कॉलेजातल्या हेगडेकडून 'घर सोडून जातोय' अशी चिठ्ठी लिहून घेऊन मग त्याला मारलं होतं. म्हणजे पैसा हवा होताच, पण ओळखणारं कुणी मागे उरू नये हे आधीच ठरलेलं होतं. गावित प्रकरणात चोरी करताना पकडलं गेल्यावर लोकांचं लक्ष वळवायला पळवून आणलेलं मूल वापरायचं, आणि ते जड झालं की मारायचं. दोन्हीकडे खून हे साधनच. पण एकीकडे बळी म्हणजे साक्षीदार, दुसरीकडे बळी म्हणजे झिजलेलं हत्यार. हा फरक तक्त्याशिवाय हाती लागत नाही.

मानवत प्रकरण (परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावातलं १९७० च्या दशकातलं हत्याकांड) पाच मिनिटांत आटपतात, पण त्यातून सांगितलेला नियम पक्का: न्यायालयात टिकलं तेवढंच तक्त्यात लिहायचं. तिथे सर्वाधिक गाजलेले दोन आरोपी शेवटी निर्दोष सुटले होते.

दुसऱ्या दिवशी मात्र घसरण होते. अमेरिकेच्या एफबीआयने ३६ खुन्यांच्या मुलाखतींवर उभी केलेली 'नियोजनबद्ध' आणि 'विस्कळीत' ही विभागणी वेदवाक्यासारखी शिकवतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या १०० खुनांवर ती तपासली, तेव्हा असे दोन स्वच्छ गट सापडले नाहीत. याचा उल्लेखही होत नाही. रामन राघवला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्यामुळेच १९८७ मध्ये त्याची फाशी जन्मठेपेवर आली. पण हाच माणूस हत्यार स्वतः बाळगून रात्री झोपलेल्यांवर हल्ले करत होता आणि बराच काळ सापडला नव्हता. त्याला कुठल्या गटात टाकणार?

त्याहून गंभीर म्हणजे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची 'सायकोपॅथी'ची (सहानुभूती आणि पश्चात्ताप नसलेल्या स्वभावाची) चाचणी वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून भरायला लावतात. २० मुद्दे, प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण ४०, आणि अमेरिकेत सहसा ३० ही सीमा. हे गुण द्यायला प्रशिक्षित तज्ज्ञ, प्रत्यक्ष मुलाखत आणि जुनी कागदपत्रं लागतात. कात्रणावरून सगळेच ३० च्या वर जातात, कारण बातमी लिहिणाऱ्याने खुनी आधीच राक्षस केलेला असतो. हा भाग काढून टाकायला हवा.

तक्त्यात चौथी ओळही हवी: त्याच वातावरणातला, पण इतका पुढे न गेलेला माणूस. जोशी-अभ्यंकर प्रकरणात ती हाताशी आहे. हेगडेच्या खुनात सामील असलेला मित्र पुढे माफीचा साक्षीदार झाला. कॉलेज तेच, टोळकं तेच. त्याचे रकाने भरल्याशिवाय बाकी चौघांबद्दल 'संगतीने बिघडले' असं लिहिणं म्हणजे अंदाज.

जाताना पेन्सिल आणि खोडरबर न्या. पेनाने भरलेला तक्ता दुपारपर्यंत वाचता येत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी निकालपत्रं आधी वाचून जावं. फक्त पहिल्या दिवसाची नोंदणी मिळते का, हे विचारून पाहा.