‘दोनशे तास वाजवा, मग बोला’ म्हणणाऱ्या सेलरपासून जपून

घरी बनवलेल्या डॅकमध्ये (डिजिटल गाण्याचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारी पेटी) एखाद्या सेलरकडून मुकुटाची, म्हणजे वर मुकुट छापलेली निवडक, टीडीए १५४१ए चिप टाकायचा विचार चालू असेल, आणि त्याच सेलरकडे ओपीए ६२७ ही ऑप अँप (सिग्नल वाढवणारी चिप) पण स्वस्तात दिसत असेल, तर ऑर्डर करायच्या आधी हे वाचून घ्या. माझ्याकडे दोन्ही आल्या, दोन्ही वाजल्या, आणि ज्या नावाने विकल्या होत्या त्या दोन्ही नव्हत्या. वाजल्या हाच सगळा घोळ आहे. चिप मेलेली आली असती तर त्याच दिवशी परत गेली असती.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टीडीए १५४१ ही फिलिप्सची १९८० च्या दशकातली १६ बिटची चिप, जुन्या फिलिप्स आणि मरांट्झच्या सीडी प्लेअरमध्ये असायची. २८ पाय, अधिक ५, उणे ५ आणि उणे १५ असे तीन सप्लाय, वर दोन्ही चॅनलचे मिळून नॉइज गाळणारे १४ डीकपलिंग कपॅसिटर, म्हणजे बोर्डवर चांगलीच गर्दी होते, पण तरी लोक तिच्यावर जीव टाकतात कारण डिजिटल फिल्टर न लावता आयटूएस (डिजिटल ऑडिओचा चिप ते चिप सिग्नल) थेट देऊन चालवता येते आणि तो आवाज काहींना फार आवडतो. मला पण आवडतो, त्यावर वाद नको. तर ही चिप बंद होऊन जमाना झाला, फिलिप्सचा सेमीकंडक्टर विभागच २००६ मध्ये वेगळा होऊन एनएक्सपी झाला, त्यामुळे आज बाजारात जी काही आहे ती एकतर जुन्या प्लेअरमधून उपटलेली नाहीतर कुठेतरी पडून राहिलेली.

आता मुकुटाची भानगड. चिपच्या आतली डाय (सर्किट असलेला सिलिकॉनचा तुकडा) सगळ्यांची एकच, कंपनी टेस्ट करून वेगळ्या काढायची. आर १ म्हणजे जरा ढिले स्पेक, काहीच नाही म्हणजे साधी, एस १ वर एक मुकुट आणि एस २ वर दोन. निवड होते ती लिनिअ‍ॅरिटी बघून, म्हणजे अगदी हळू आवाजातल्या खालच्या बिट्सच्या पायऱ्या किती सारख्या पडतात ते. पाय तेच, करंट तेवढाच, गरम पण तेवढीच होते. म्हणजे साधी चिप आणि कितीतरी पट महागडी चिप यात बाहेरून दिसणारा फरक एकच, वरचा शिक्का. खोटं करणाऱ्याला याहून सोपं काम कुठलं मिळणार सांगा! नवी चिप बनवायची नाही, खराब चिप खपवायची नाही, चांगली चालणारी साधी टीडीए १५४१ए घ्यायची, वरून घासायची, काळा थर द्यायचा, मुकुट छापायचा, झालं.

माझा डॅक साध्या टीडीए १५४१ए वर छान चालू होता, आय टू व्ही ला (चिपच्या करंटचं व्होल्टेज करणारा भाग) एनई ५५३२ ही ऑप अँप आणि १.५ किलोओहमचा फीडबॅक, ४ मिलिअँपिअर फुल स्केलला ६ व्होल्ट पीक टू पीक म्हणजे साधारण २.१ व्होल्ट आरएमएस, एकदम स्टँडर्ड. मॉडिफाय करायचा म्हणून एस १ च्या दोन चिपा मागवल्या, एक लावायला एक जपून ठेवायला, आणि एनई ५५३२ च्या जागी अ‍ॅडॉप्टरवर सोल्डर केलेल्या दोन ओपीए ६२७, कारण ती सिंगल (एका चिपमध्ये एकच ऑप अँप) येते आणि माझं सॉकेट ड्युअलचं.

सेलर बोलायला लाघवी. विचारायच्या आधीच उत्तर. चिप एका बोर्डवर लावून गाणं वाजतानाचा व्हिडिओ पाठवला, डेट कोडचा (चिपवर छापलेला बनल्याचा वर्ष-आठवडा) क्लोजअप पाठवला, आणि पार्सल मिळाल्यावर स्वतःहून मेसेज केला की लगेच मत बनवू नका, या जुन्या चिपा आहेत, दोनशे तास बर्न इन (वाजवून वाजवून सेट होणं) होऊ द्या, सुरुवातीला आवाज बंद बंद वाटेल, मग उघडेल. हे वाक्य नीट वाचा. बर्न इनवर तुमचा विश्वास असो नसो, रोज संध्याकाळी दोन-तीन तास ऐकणाऱ्या माणसाचे दोनशे तास कधी होणार याचा हिशोब करा आणि मग रिटर्नची मुदत बघा. मधे एकदा मी म्हटलं की डाव्या चॅनलला बारीक खरखर येतेय, तर लगेच उत्तर, कपॅसिटर सेटल व्हायचेत, अजून थोडं थांबा, खात्रीने सांगतो. गोड बोलून मुदत खाल्ली, दुसरं काही नाही.

ती खरखर मात्र जाईना. शेवटी सिग्नलचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला तर आय टू व्ही च्या आउटपुटला संगीतावर चढलेलं बारीक हाय फ्रिक्वेन्सी ऑसिलेशन. आता ओपीए ६२७ ही युनिटी गेनला (एकपट वाढीला) स्टेबल असलेली ऑप अँप, माझ्या सर्किटमध्ये फीडबॅक रेझिस्टरला समांतर कपॅसिटर आहे म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीला नॉइज गेन (ज्या वाढीवर ऑप अँपचा स्थिरपणा ठरतो ती) एकच्या जवळ जातो, तिथे खरी ओपीए ६२७ सुखाने चालायला पाहिजे. डीकपलिंग बदललं, वायर आखूड केल्या, फरक शून्य. परत एनई ५५३२ लावली की सगळं शांत.

मग केली ती टेस्ट कोणालाही घरी करता येते आणि चिपला काही होत पण नाही. ऑप अँपच्या पॉझिटिव्ह सप्लायच्या वाटेत १० ओहमचा रेझिस्टर घालायचा आणि त्याच्यावर किती मिलिव्होल्ट पडतात ते मल्टीमीटरने बघायचं. एक काळजी घ्या, डॅक चिप सॉकेटमधून काढून ठेवा, नाहीतर तिचा आउटपुट करंट त्यात मिसळतो आणि आकडा फसवतो. एनई ५५३२ दोन्ही भाग मिळून टिपिकल ८ मिलिअँपिअर खाते, म्हणजे ८० मिलिव्होल्टच्या आसपास, माझा आकडा तसाच आला. ओपीए ६२७ एकेक ७ मिलिअँपिअर, दोन म्हणजे १४, म्हणजे १४० मिलिव्होल्ट दिसायला हवेत. दिसले ७० च्या जरासे वर. वाढायच्या ऐवजी कमी झाले राव!

एकेकीला साधारण साडेतीन मिलिअँपिअर. हा आकडा एका चिपच्या डेटाशीटशी बरोबर जुळतो, अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसची एडी ७४४. काही वर्षांपूर्वी खोट्या ओपीए ६२७ चं कवच अ‍ॅसिडने काढून आतल्या डायचे फोटो काढलेले प्रसिद्ध झाले होते, तेव्हा पण आत एडी ७४४ च निघाली होती. माझी मी फोडलेली नाही त्यामुळे छातीठोक सांगणार नाही, पण एडी ७४४ ला नॉन इन्व्हर्टिंग युनिटी गेनला बाहेरून कंपेन्सेशन (ऑसिलेशन थोपवणारी जोड) लागतं, आणि माझं ऑसिलेशन त्याच्याशी जुळतं. गंमत म्हणजे ती काही टाकाऊ चिप नाही, तिच्या स्वतःच्या नावाने विकली असती तर मी पण घेतली असती. आणि दुसरी गंमत अशी की ओपीए ६२७ काही दुर्मिळ नाहीये, बर-ब्राउन २००० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली आणि त्यांच्याकडे ही चिप अजून बनते, अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडे मिळते. महाग आहे, ते आहेच. पण तिथल्या किमतीच्या चौथाईत कोणी देत असेल तर तो दानधर्म करत नाहीये.

एकदा ही खोटी म्हटल्यावर मुकुटाकडे नजर गेली. इथे करंट मोजून काही कळत नाही, कारण वर सांगितलं तसं, डाय तीच. आधी दोन्ही चिपा उलट्या केल्या. वर एकच डेट कोड, म्हणजे एकाच वर्षाच्या एकाच आठवड्यातल्या, आणि खालचे साचे मात्र वेगळे, एकीवर गोल खड्डा मधोमध आणि उठावाची अक्षरं, दुसरीवर अक्षरंच नाहीत आणि खड्डे दोन टोकांना. वरच्या आणि बाजूच्या प्लास्टिकचा पोत पण भिंगातून वेगळा दिसला, बाजूचा खरखरीत, वरचा मॅट आणि एकसारखा. ‘न वापरलेली’ म्हणून विकलेल्या चिपच्या पायांवर खांद्यापर्यंत ताजं चकचकीत सोल्डर होतं, ते तर आधीच दिसायला हवं होतं फोटोत, पण फोटो सगळे बरोबर वरून काढलेले, पाय दिसतील असा एक नाही.

सगळ्यात शेवटी अ‍ॅसिटोन. इयरबडला लावून कोपऱ्यात घासलं तर कापूस काळा झाला आणि खाली एकाच दिशेने घासल्याचे ओरखडे. इथे एक सांगून ठेवतो, नुसती पांढरी अक्षरं पुसली गेली म्हणून चिप खोटी ठरत नाही, खरी शाई पण अ‍ॅसिटोनने जाऊ शकते. काळं निघालं की मात्र विषय संपला, कारण अस्सल चिपच्या प्लास्टिकवर वरून रंग मारलेला नसतो.

ऐकून कळलं असतं का? मित्राला बसवून, लेव्हल सारखी करून, कुठली लावली आहे ते न सांगता साधी आणि मुकुटाची आलटून पालटून ऐकवली. त्याला सांगता येईना, जागा बदलून मी ऐकली तर मला पण नाही. खऱ्या एस १ मध्ये सांगता आलं असतं का हा वेगळाच प्रश्न आहे, तो मी इथे काढत नाही, भांडणं होतील. मोजायचंच तर उणे ९०.३१ डीबीची डिदर न केलेली (मुद्दाम बारीक नॉइज न मिसळलेली) १ किलोहर्ट्झची साइन वाजवून बघतात, १६ बिटमध्ये तिच्या फक्त तीनच पायऱ्या होतात आणि त्या सारख्या उंचीच्या पाहिजेत. पण माझ्या सर्किटमध्ये एक पायरी ९२ मायक्रोव्होल्टची, स्कोपवर अ‍ॅव्हरेजिंग लावल्याशिवाय नॉइजमध्ये बुडून जाते. लावून बघितली, मुकुटाची चिप माझ्या जुन्या साध्या चिपपेक्षा कणभर पण सरस नव्हती.

तक्रार केल्यावर सेलरचा सूर बदलला. ऑप अँपचे मीटरसकट फोटो आणि डेटाशीटमधला आकडा शेजारी ठेवून पाठवला तेव्हा ऑप अँपचे पैसे परत आले, बहुतेक वाद वाढवायचा नसेल. मुकुटाच्या चिपांचं मात्र म्हणे तुम्ही केमिकल लावून मार्किंग खराब केलंत, आता रिटर्न नाही, आणि चिप वाजते ना मग खोटी कशी. शिवाय मुदत संपलेली. त्यामुळे कोणाकडे आत्ता अशी चिप येऊन पडली असेल तर क्रम हाच ठेवा, आधी वर खाली बाजूने पायांसकट फोटो, मग करंट, मग विक्रेत्याला लिहून कळवणं, आणि अ‍ॅसिटोन एकदम शेवटी, तेही तक्रार नोंदवून झाल्यावरच. बर्न इन रिटर्नची मुदत संपल्यावर हवं तेवढं करा.

त्या सेलरने नाव बदललंय पण फोटो तेच वापरतोय. फोटोतल्या चिपवर मुकुटाच्या उजवीकडे पांढऱ्या छपाईचा एक ठिपका सांडलेला आहे आणि माझ्या दोन्ही चिपांवर तो अगदी त्याच जागी आहे, म्हणजे स्टेन्सिल एकच. तो ठिपका दिसला तर घेऊ नका.